जमीन लागूक नाय

आधी आम्ही हसलोच.
लिलावाच्या ओट्यावरून तो उतरला
तेव्हा मागचा अर्धा बोका
पुढच्या अर्ध्याला विचारत होता, कुठे चाललास?
मान सरळ, ढुंगण डावीकडे,
शेपूट सुकाणूसारखं, पण कडी निखळलेली.

बोस्त्याव टोपली उतरवता उतरवता म्हणाला,
‘बघा तांडेलाक. आठ दिस दर्यार होतो,
अजून जमीन लागूक नाय.’

आणि दिसत होतं तसंच.
खोल पाण्यातून परतलेले खलाशी
पहिल्या दिवशी असेच चालतात,
सपाट सिमेंटवर लाट शोधत.
त्यांची लाट संध्याकाळपर्यंत उतरते.
तांडेल मात्र
कधी होडीत चढलाच नव्हता.

मी काट्यावर बसतो.
सतरा वर्षं सुरमईचं, बांगड्याचं वजन लिहितो,
नजरेत पावशेर इकडचा तिकडे होत नाही.
चौथ्या दिवशी त्याला पारड्यात ठेवला:
तीन किलो शंभर.
दिवाळीला साडेचार होता.
पारडं हललं तसा तो पडला,
आणि पडल्यावर माझ्याकडे नाही,
आपल्या मागच्या पायांकडे बघत राहिला,
कुणीतरी उधारीवर आणून ठेवल्यासारखे ते.

देवगडच्या सरकारी दवाखान्यात
डॉक्टरबाई गाभण म्हशींच्या नोंदी लिहीत होत्या.
मासळीच्या क्रेटमधला रोगी बघून पेन ठेवलं.
मागचा पंजा उलटा दुमडून टेबलावर टेकवला,
सरळ करतो का ते बघायला.
उजवा केला त्यानं, उशिरानं.
डावा तसाच राहिला,
पालथ्या वाटीसारखा.

‘खातो काय?’
‘तारली,’ मी म्हणालो, जरा अभिमानानंच.
‘ताजी, डोळे चकाकणारी. सकाळी सात, संध्याकाळी सात.’
‘कच्ची?’
‘मग काय, मांजराला कालवण करून घालू?’

बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, कच्च्या तारलीत असं काही असतं
जे अंगातलं एक जीवनसत्त्व खाऊन टाकतं,
मग डोक्याचा निरोप पायांपर्यंत पोचत नाही.
खात्रीनं सांगत नाही, म्हणाल्या,
मणका असू शकतो, साखरही असू शकते,
पण आधी हे करून बघू.
सुई टोचली. गोळ्या दिल्या, चार तुकडे करून द्यायच्या.

येताना एसटीत क्रेट मांडीवर.
चौदा गुणिले तीस, गुणिले किती महिने,
मी मनात मांडत होतो.
एवढं वजन
मी कधी एकाच्या नावावर लिहिलं नव्हतं.

आता माझ्या स्टोव्हवर तारली उकळते.
हळद नाही, तिरफळ नाही, मीठ नाही.
रुजाय दारावरून जाताना नाक धरते,
‘ह्या काय रे, आजाऱ्याचा जेवाण?’
‘व्हय,’ मी म्हणतो.

पहिले दोन दिवस तांडेल थाळीकडे पाठ करून बसला,
मानपान चुकलेल्या पाहुण्यासारखा.
तिसऱ्या रात्री थाळी सरकल्याचा आवाज आला.
मी दिवा लावला नाही.

ओहोटीला धक्क्यामागची रेती ओली राहते.
तिथे तो रोज एकदा जातो, आपल्या कामासाठी.
तो गेला की मी वाचतो.
पहिल्या आठवड्यात पुढचे ठसे
आणि मागे दोन रेघा,
वल्ही ओढत नेल्यासारख्या.
काल उजवी रेघ तुटली होती.
मध्येच पंजा, चार बोटं, नीट,
मग परत रेघ, मग पंजा.
डावी अजून अखंड.

बोस्त्यावला बोलावून आणला.
तो उकिडवा बसला, बराच वेळ,
हातातली विडी विझेपर्यंत.
‘लागताहा,’ म्हणाला, ‘वायच वायच.’
मग आम्ही दोघं उठलो, कारण
पाणी चढायला लागलं होतं.