गच्चीवर पंख वाळत घालताना

पोखराहून परत आल्यावर तिसऱ्या सकाळी
भद्रावती पेठेतल्या आमच्या गच्चीवर मी पंख पसरला.
गच्ची सोळा फूट, पंख सव्वीस.
उरलेला पाण्याच्या टाकीवरून
शेजारच्या गड्डमांच्या मिरच्यांवर गेला.
दमट घडी कुजते,
हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही.

नायना वर आले.
एकतीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर,
उजवा कान त्या खडखडाटाला देऊन टाकलेला.
अंगठ्याने कापड चाचपलं, उजेडाकडे धरलं,
दर चौकटीला घातलेला जाड धागा मोजला
आणि म्हणाले,
"फाटलं तर एवढ्याच चौकोनात फाटेल.
विणणाऱ्याला भीती ठाऊक होती."

त्यांना सांगितलं ते असं:
दौंडला गाडी बदलली,
गोरखपूरला पहाटे उतरलो, मी आणि वीरेश हत्तुरे.
सगळ्या शंभराच्याच नोटा, कारण पाचशेची तिकडे चालते का
हे दोघांनाही नक्की माहीत नव्हतं.
सरहद्दीवर शिपायाने पाठीवरचं बोचकं उघडायला लावलं.
कुठून? सोलापूर.
मग चादरी असणार, म्हणाला. किती नग?
एक.
एका नगासाठी एवढ्या लांब?

नायना हसले तेव्हा. पुन्हा एकदा सांगायला लावलं.

सांगितलं नाही ते असं:
पहिल्या सकाळी डोंगरावर
हार्नेस घालून मी उभी होते,
बकल चार वेळा तपासलेलं,
समोर बर्फ, खाली तळं,
आणि रेडिओत कुणीच नव्हतं.
कामशेतला त्यात शेडगे सर असायचे.
थांब. थांब. आता पळ. डावा सोड.
माझी अकरा उड्डाणं
खरं तर त्यांच्या आवाजाचीच.
इथे तिकिटं आमची, परवाने आमचे,
आणि रेडिओतली खरखरसुद्धा आमची.

वारा बरा वाटत होता. लोक उडत होते.
एक गोरे आजोबा शीळ घालत निघून गेले.
विंडसॉकची शेपटी मात्र मधूनच,
तुटलेला धागा लूमवर वळतो तशी,
उलटी वळायची.
मी बकल सोडलं.
वीरेश काही बोलला नाही. त्यानेही सोडलं.
पायी उतरताना एका ओट्यावर
कडक भाकरी मोडून शेंगाचटणीशी खाल्ली.
मला इतकी लाज वाटत होती
की उतारभर मी दहा पावलं मागेच राहिले.

मग दोन दिवस ढग.
चौथ्या दिवशी एकोणीस मिनिटं.
त्यातली सतरा मला आठवत नाहीत.
दोन आठवतात:
डावीकडे एक घार पंख न हलवता वर गेली,
मी तिच्यामागे वळले,
आणि गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यात
आपण वर जातो, पोट खाली राहतं,
तसं झालं. फक्त पाळणा खाली येईना.
नंतर तळ्याकाठच्या चिखलात गुडघाभर.
एक म्हैस बघत होती.
तोच चिखल आत्ता नखाने काढतेय.

साडेनऊलाच ऊन चावतंय.
अर्ध्या तासात गुंडाळायला हवा, उन्हाने नायलॉन मरतं.
बंद मिलच्या चिमणीवरून
घारी एकेक करून उठतात,
गोल फिरत, फुकटात, ठिपका होईपर्यंत.
आणि आम्ही इतकी वर्षं याला नुसतं ऊन म्हणत होतो.
पत्रे तापले की दारं लावून घ्यायची,
ओला पंचा डोक्यावर;
वर रोज जिना लागत होता.

नायनांनी पंखाची तोंडाकडची कड उचलून धरलेली.
कठड्यावरून झुळूक आली.
कापड त्यांच्या हातात फुगलं,
ओढू लागलं, मुठी पांढऱ्या पडल्या,
गड्डमांच्या चार मिरच्या उडून खाली रस्त्यावर.

"सोडू का?"
ऐकू कमी येणारी माणसं ओरडतात तसं
त्यांनी साऱ्या पेठेला विचारलं.

मी टाकीवर चढले.
समोरच्या गच्च्यांवर वाळत घातलेले टॉवेल
कुठे वळतात ते पाहिलं.

"थांबा."