चतुःसीमा

वडील लांज्याच्या कचेरीबाहेर दस्त लिहायचे.
पूर्वेस सावंतांचा गडगा, पश्चिमेस पऱ्ह्या,
दक्षिणेस पायवाट,
उत्तरेस बहुतेक वेळा भांडण.
म्हणून उत्तरेपुढं बोटभर जागा कोरी सोडायचे.

मी बरक्याला टाइप करते.
भाडेकरार, व्हिसाचे अर्ज, हरवलेल्या पासपोर्टची जाहिरात.
दुकानाच्या पाटीवरची अर्धी अक्षरं उन्हानं खाल्लीत.
गिऱ्हाईक समोर बसतं, मी भाड्याचा आकडा विचारते,
आणि ते आवाज खाली घेऊन सांगतं,
घरातल्या कुणाचा आजार सांगावा तसं.

आम्ही आलो तेव्हा मुलहकच्या दोन खोल्या
पंच्याऐंशी रियाल. पाणी वेगळं.
मस्कत झेपेना म्हणून खजुरांच्या मागं येऊन राहिलो.
नंदन पहाटे पाचला घालाच्या वर्कशॉपला निघतो.
पेट्रोल भाड्यात धरायचं की नाही
यावरून आमचं एकदाच भांडण झालं,
ते अजून चालू आहे.

मग झेपेनासे झालेले सगळेच आले.
दवाखान्यातली लिसम्मा, तिचा नवरा, त्याचा भाऊ.
फैसलाबादची सहा पोरं, एक खोली, एकच कूलर.
लग्न ठरलेले इथलेच तरुण,
हातात फाइल, फाइलमध्ये बँकेचा नकार.
मस्कत सरकत सरकत
बागेच्या कुंपणाला टेकलं.

खलफानबाबांची विहीर मचूळ झाली.
खुनेजीची फळं बोराएवढी उरली.
तेव्हापासून ही जमीन दलालांना गोड लागते.
बाग एक, वारस नऊ.
विकल्याशिवाय वाटणी होत नाही,
हे गणित मला लांज्यापासून पाठ आहे.

आज ते स्वतः आले, मागं नातू हैथम.
काठी भिंतीला टेकवली. म्हणाले, लिखो.
क्षेत्र सहाशे चौरस मीटर, तुकडा पहिला.
पूर्वेला नवा रस्ता, अजून डांबर नाही.
दक्षिणेला नासिरची भिंत.
पश्चिमेला?
म्हणाले, आईनं लावलेलं सिदराचं झाड.
मी म्हटलं, बाबा, या रकान्यात झाड बसत नाही,
इथं फक्त क्रमांक बसतो.
ते बराच वेळ
पंख्याकडं बघत राहिले.

हैथम मोबाइलवर हप्ता मांडत होता.
पंचवीस वर्षं, मग तीस.
मग आकडे खोडून पुन्हा पंचवीस.
हाच तुकडा त्याला हवा होता,
मस्कतच्या माणसानं त्याहून सात हजार जास्त दिले,
न बघता.
त्यानं फोन उलटा ठेवला टेबलावर,
माझ्या स्टेपलरशेजारी.

उत्तरेला?
बाबांनी माझ्याकडं पाहिलं.
उत्तरेला मी राहते.
माझी दोरी, दोरीवरचा नंदनचा वर्कशॉपचा डगला,
डब्यात लावलेला कढीपत्ता, जो या खाऱ्या पाण्यावरही
हट्टानं दोन पानं काढतो.
म्हणाले, मी त्यांना सांगेन, एक वर्ष वाढवू नका.
मी मान डोलावली.
सांगणं आणि करारात असणं
यातला फरक मी रोज टाइप करते.

बोटभर जागा सोडून पाहिली.
संगणकानं लाल चौकट दाखवली:
रकाना रिकामा ठेवता येणार नाही.

फी दीड रियाल. त्यांनी दोन ठेवले.
सुटे मी दिले नाहीत, त्यांनी मागितले नाहीत.

संध्याकाळी घरी येताना पाहिलं,
मफिजुल दोराच्या वेढ्यात टेकून माडाएवढ्या उंचीवर,
मादी खजुराच्या कोंबात नराची फुलं बांधत होता.
सहा महिन्यांनी लागणाऱ्या फळांसाठी.
त्याला कुणी सांगितलं नसेल.
किंवा सांगितलंही असेल.

नंदननं बूट काढता काढता विचारलं, कितीला गेली?
मी आधी दार लोटून घेतलं.