दोन ते चार

डिझेलच्या पावतीमागं रेघा मारून
मी चाळीस दिवसांचे खण पाडलेत.
डॉक्टरांनी तारीख दिलीय कार्तिकातली,
म्हणजे बांगडा जोरात, आणि दिगंबर
चार-चार दिवस खोल पाण्यात.
त्याच्या खणात लिहिलंय : फोन. रेंज असली तर.

आई असती तर ही पावती
पावतीच राहिली असती.

सकाळचं पाणी, शेक, ओव्याची धुरी : आनशीकाकी.
तिचे गुडघे धरतात, तेव्हा पाटावर नको,
न्हाणीत ओटा हवा.
तो दिगंबरकडून आधीच बांधून घ्यायचा.
मोरीचं सार जैनबभाभीकडं. दूध उतरतं म्हणते,
आणि डोळे मिचकावते : मसाला कुणाचा ते सासूला सांगू नकोस.
सासूच तर मागून आणते तो मसाला.
ती लिलाव सुटल्यावर अकराला येणार,
बर्फानं गारठलेले हात पदरात चोळत;
तोवर बाळाला हात लावायचा नाही, हे तिनंच लिहवून घेतलंय.
वहिनी कणकवलीहून, पण शाळा उघडेपर्यंतच.

आशाताईंनी सगळं वाचलं. चष्मा कपाळावर सारला.
"रडू येईल तेव्हा कोण?"
असा खण असतो होय?
"पाड," म्हणाल्या. "आणि रात्री दोन ते चार?"

एक नाव होतं. पेन तिथं जाईना.
विलासिनी, कुंपणापलीकडची.
गेल्या शिमग्यात तिचा पाळणा
रिकामाच परत माळ्यावर चढला.
तेव्हा आम्ही सगळ्या जणींनी मिळून ठरवलं होतं :
जायचं नाही, उगाच आठवण नको.
आमचं तेवढं एकच नियोजन
चुकता पार पडलं नाही.

काल ती सूप परत द्यायला आली.
पावती पडवीत, वर शिंपला ठेवलेला.
उभ्यानंच वाचली तिनं.
"माका तशीय रातची झोप येणा नाय,"
म्हणाली, आणि पेन मागितलं.
दोन ते चारमध्ये नाव घातलं, रेघांबाहेर जाईल एवढं.
रडण्याच्या खणात काहीच लिहिलं नाही.
फक्त बाजूची रेघ खोडून
तो जरा रुंद केला.

जाताना पायरीवर थांबली.
"पाळणो घेतलंस काय गो?"
"नाय अजून."
ती आपल्या कौलांकडं बघत राहिली.
आनशीकाकी काय म्हणेल ते मला ठाऊक आहे.
सासू काय म्हणेल, तेही.

मी पावती उलटली.
डिझेल, दोनशे लिटर.
खाली शाईनं : उधार.