उसना बी

परळ. रात्रीचे अडीच.
भोईरबाईंच्या नळीत अँटी-बी टाकलं
तर पेशी जराशा बिलगल्या,
हलवताच सुटल्या.
भिंगाखाली चारदोन गुठळ्या,
पेजेत शितं राहावीत तशा.

खिडकीशी मुलगा:
"आई ए आहे हो,
माझ्या बाळंतपणाच्या कागदावर आहे."
उरणचा कागद, घामाने मऊ.

आतडं फुटलंय बाईंचं.
तिथल्या जंतूंनी ए-ची कड कुरतडून
बी-सारखी केलीय.
पण त्यांच्या रक्तरसातलं अँटी-बी
या पेशींना शिवतही नाही,
घरचंच माणूस म्हणून सोडून देतं.

अँटी-बी आम्लात नेऊन पुन्हा लावते.
नळी तिरपी.
लाल धूर सलग वर येतो.

पेन्सिलीतलं "एबी" खोडते,
रबराचा चुरा फुंकते.
"ए-च्या दोन पिशव्या देतेय."

"मग ते बी," तो विचारतो,
"कुणाचं होतं?"