उरलेली नऊ मिनिटं

एकशे बारा, एकसष्ट.
मानकापूरच्या फलकावरचे दिवे विझले तरी
आकडा डोळ्यांत तसाच,
वेल्डिंगकडे चुकून पाहिल्यावर राहतो तसा.
पार्किंगपलीकडच्या ठेल्यावर आम्ही पाच जण,
डिसेंबर, कानांना मफलर,
आणि जिंकल्याबद्दल बोलायला कोणाकडे काहीच नाही.
एवढ्या फरकानं जिंकलं की जिंकणं
पहिल्या घोटातच संपतं.
मग बोलणं वळतं बाकाकडे.

निनावे काका अजनीच्या लोको शेडमधून रिटायर झाले,
अजूनही माणूस तपासतात तो बेअरिंगसारखा, कान लावून.
"चौदा नंबर. त्या ठवकरचा गुडघा वाजून राहिला.
उडी बिनधास्त मारते, पण उतरताना विचार करते."

"छोड बे काका," ताजू म्हणतो, "अठ्ठावीस पाहिला का?
आल्या आल्या तीन थ्री-पॉइंटर. तिन्ही आत.
काहून बसवून ठेवते कोच त्याले?"

"बचावात दार उघडं टाकते म्हणून."
ही रोशनी निमजे, शाळेत पीटी शिकवते,
भीड कोणाचीच ठेवत नाही.
"पन्नासनं मागे पडलेला माणूस थकला असते, राजा.
त्याच्यासमोर माझी सातवी ब पण तीन टाकन."

माझी वही औषधाच्या पावत्यांची, इतवारीच्या दुकानातली.
पाठकोऱ्या बाजूला मी लिहिते:
कोण किती मिनिटं, कोणी टॉवेल पुढं केला,
टाइमआउटला कोण घोळक्यात शिरलं,
कोण कडेनं टाचा उंचावून ऐकत राहिलं.
उंच उईके, बूट अजून करकरीत,
नऊ मिनिटांत चार फाउल.
पाचवा होऊ नये म्हणून
हात पाठीमागे बांधून उभा,
फोटोग्राफरनं सांगितल्यासारखा.

आणि सव्वीस नंबर, वैरागडे.

शेवटचे आठ सेकंद, चेंडू त्याच्या हातात.
अख्ख्या सीझनमध्ये एकही गुण नाही.
समोर रस्ता मोकळा, पाहुण्यांनी खांदे पाडलेले.
आम्ही उभे. "मार!" ताजूचा आवाज फाटला.
त्यानं मारला नाही.
जागच्या जागी टप टप, टप टप,
भोंगा होईपर्यंत.
मग चेंडू रेफरीच्या हातात दिला,
जास्तीचे आलेले सुटे पैसे परत करावेत तसा.

यावर चहा थंड झाला.
"संस्कार आहे तो," काका.
"भेव आहे," रोशनी. "शून्यावर कोणी बोलत नाही.
चुकलं की बोलते."
"मायनं पाहिले असते ना दोन पॉइंट, मोबाईलवर,"
ताजू, जरा हळू.
मुन्ना नेवारे, जो सहसा फक्त पैसे देतो,
तो बोलला:
"त्याले वाटलं असन, पुढच्या वेळी मारू."

पुढची वेळ.
मी पानं उलटली. शनिवारी चेन्नई, मग लुधियाना.
दोन्ही सामने घासून होणार.
वैरागडे तेव्हा बाटल्या भरून देत बसणार,
आणि आम्ही, तिसऱ्या रांगेतले, मागणार तरी काय?
पुन्हा पन्नासनं जिंकू दे?
"पन्नासनं हरतानाही सोडतात त्यायले आत,"
रोशनी म्हणाली.
कोणी हसलं नाही.

टीमची बस निघाली.
मागच्या खिडकीशी कोणीतरी, डोकं काचेला टेकवून.
अठ्ठावीस की सव्वीस, धुक्यात कळलं नाही.
ताजूनं तरी हात केला.

घरी येऊन त्याच्या नावापुढं शून्य लिहिलं.
मग आठ सेकंद.
त्यांना रकाना नव्हता,
समासात लिहिले, थोडे तिरपे.