जार्लथचा जनरेटर

वर्षातली एकच रात्र,
जेव्हा आई आपणहून म्हणायची, जागा.
नव्या पायजम्यांच्या घड्या मोडलेल्या नसत,
चॉकलेटांचा डबा टेबलावर बंद
आणि झाकणावर फिआख्राचा हात,
दुपारपासून.

साडेनऊनंतर टीव्हीवर
एक मोठा माणूस भयंकर स्वेटर घालून येणार,
पोरं त्याच्यासमोर खेळणी चालवून बघणार, मोडणार,
आणि उद्या देशभर सांताची पत्रं
खाडाखोड करून नव्यानं लिहिली जाणार.

त्या वर्षी वादळ आधी आलं.
मेयोच्या किनाऱ्यावरचे खांब आडवे झाले,
गाव विझलं.
फिआख्रा रडला नाही. डबा छातीशी धरून म्हणाला,
"म्हणजे आपल्याशिवाय होणार?"
आईकडे याला उत्तर नव्हतं.

टेकडीवर एकच पिवळा ठिपका.
जार्लथ मुलोय. साठीचा, एकटा,
सव्वीस गाई, आणि शब्द त्याहून कमी.
दूध काढायच्या यंत्रासाठी त्यानं जनरेटर घेतला होता.
त्याच्याकडे सहज कुणी जात नसे.
क्विग्लींशी बांधावरून काही जुनं होतं,
काय, ते क्विग्लींनाही धड सांगता येत नव्हतं.

आई म्हणाली, गमबूट घाला.
पायजम्यावर गमबूट, वर बाबांचे कोट,
आम्ही चिखल तुडवत निघालो.
वळणावर क्विग्लींची तिघं भेटली, मागे त्यांचा बाप.
पुढे डेर्व्हला, तान्हं कोटात कोंबून.
कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

त्यानं दार उघडलं. अकरा पोरं मोजली.
"दोन्ही एकदम ओढत नाही ते," म्हणाला.
"गाई, नाहीतर तो खोका."
पाऊस उंबऱ्यावरून आत येत होता.
सगळ्यांत मागे उभा असलेला क्विग्ली
कुणाकडेच न बघता म्हणाला,
"बादल्या कुठे आहेत?"

गोठ्यातली घरघर थांबली,
आणि स्वयंपाकघरातला टीव्ही मुंग्यांसकट उजळला.

आम्ही भट्टीच्या उबेला दाटीवाटीनं बसलो.
एक रोबो चालेचना, नुसता माफी मागत राहिला.
एका पोरीनं पुस्तकाची गोष्ट शेवटासकट सांगून टाकली.
मग एका मुलाला मोठ्ठं खोकं उघडायला लावलं
आणि आतून त्याचा बाप निघाला,
सैनिकाच्या गणवेशात, सहा महिन्यांनी घरी.
आमच्यातलं कुणी चुळबुळलं नाही.
फक्त जनरेटर धापा टाकत होता.

दारात केव्हापासून जार्लथ उभा होता,
कोपरापर्यंत दूध.
त्याच्यामागे आई, कॉर्क शहरात वाढलेली,
आयुष्यात पहिल्यांदा धार काढून आलेली,
बोटं उघडमीट करत.
पडद्यावर आता कुणी खेळण्यातला ट्रॅक्टर मिरवत होतं.
"गियर उलट्या बाजूला बसवलाय," जार्लथ म्हणाला.
त्या रात्री तो एवढंच बोलला.

फिआख्रानं डबा उघडला,
पहिला त्याच्यासमोर धरला.
जार्लथनं ओला हात पँटला पुसला,
वेळ घेतला,
आणि कॉफीचं उचललं,
जे कुणालाच आवडत नाही.
त्याला ते खरंच आवडायचं,
की ते आमच्या उपयोगाचं नाही हे त्यानं ओळखलं होतं,
यावर आमचं भावंडांचं अजून भांडण आहे.

पुढे दर नाताळात कॉफीची वेगळी काढून
आम्ही त्याच्या फाटकाला पिशवी अडकवायचो.
परत कधी काही आलं नाही. पिशवी मात्र यायची,
धुऊन, घडी घालून.

इथं व्हँकुव्हरला ती रात्र दुपारी दीड वाजता सुरू होते.
मी पडदे ओढून अंधार करते.
ओर्नाला शाळेतून लवकर आणते, पोट दुखतंय सांगून.
नवा पायजमा टोचतो म्हणून ती कुरकुरते.
मी डब्यातली कॉफीची वेचून बशीत ठेवते.
जार्लथ जाऊन सात वर्षं झाली,
टेकडीवर आता कुणाची तरी सुट्टीची घरं आहेत.

ही कुणासाठी, ओर्ना विचारते.
थांब, मी म्हणते, सुरू झालं.