तीन तास

नाकाच्या कडेला मलम, वर चंदेरी कागदाची पट्टी.
"तीन तास बसा," सिस्टर म्हणाली.
नायना कुजबुजले, "मला पोळीसारखं गुंडाळलंय गं, डब्यासाठी."

त्यांच्या तळहातांवर बारीक टोचे,
टाचणीनं केल्यासारखे.
मागानं चावलंय, म्हणायचे.
पण नरसय्याताता तर गिरणीबाहेर हमाली करायचे,
मागाला कधी हात लावला नाही,
आणि टोचे त्यांच्याही हातांवर.

डॉक्टरीणबाईंनी माझा हात उलटा केला,
जरा वेळ तसाच धरून ठेवला.

मग लाल दिवा.
ज्याला भिऊन आम्ही छत्रीखालून साखर पेठ ओलांडतो
त्या उन्हाचाच कुणी धाकटा, शिकलेला भाऊ.
झोंबतंय, म्हणाले नायना.
अजून नऊ मिनिटं. पंखा जवळ घ्या.

दोन दिवस उजेड नको, खिडकीतलासुद्धा.
बेचाळीस डिग्रीत मी खिडक्यांवर चादरी ठोकल्या,
त्यांनीच विणलेल्या, सेकंडच्या, न खपलेल्या.
अंधारात त्यांची बोटं फिरत राहिली.
"इथं एक तार सुटलीय."
थोड्या वेळानं,
"तीस वर्षं पांघरतोय. ऊब कमी पडली का कधी?"